कलौंजीच्या बाटलीवर काय लिहावे?

रमजानचा चंद्र दिसण्याआधी पंधरा दिवस आमच्या मालेगावच्या बाजाराचे रूप पालटते. कापडाच्या दुकानांना गर्दी होतेच, पण त्याच रस्त्यावर खजूर, सुरमा, अत्तर, टोप्या आणि मिस्वाक यांचे ठेले लागतात. या मालात गेल्या काही वर्षांत एका बाटलीची भर पडली आहे. पारदर्शक प्लॅस्टिकची लहान बाटली, वर हिरव्या अक्षरांत 'कलौंजीचे शुद्ध तेल', त्याखाली हदीसचा तर्जुमा आणि त्याच्याही खाली बारीक टायपात आजारांची यादी: शुगर, बी.पी., दमा, संधिवात, लकवा, कॅन्सर. तेल केव्हा काढले, कोणी काढले, रोज किती घ्यावे, कोणी घेऊ नये, यातले काहीच नाही.

वाचक बांधव विचारतील की कापडाच्या व्यापाऱ्याने औषधाची चर्चा कशाला करावी? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच की ही बाटली आम्हीही विकली आहे.

एक ओळखीचे गृहस्थ हे तेल भरून विकतात. दोन रमजानांपूर्वी त्यांनी दोन डझन बाटल्या आमच्या गादीवर आणून ठेवल्या. म्हणाले, नफा तुम्हीच ठेवा, लोकांपर्यंत सुन्नत पोहोचेल. आम्हास नफ्याची फिकीर नव्हती, पण नाही म्हणण्याचेही काही कारण दिसले नाही. ज्या कारखान्यातून आमच्याकडे कोरा माल येतो, तेथील एक बुनकर हिशेबाचा कागद घेऊन आला होता. माणूस पन्नाशीचा, रात्रपाळीचा, चार वर्षांपासून शुगरच्या गोळ्या खाणारा. त्याने बाटली हातात घेऊन विचारले, "सेठ, शुगरवर चालते ना?" आम्ही गिऱ्हाइकाला साडीचे थान दाखवत होतो. मान वर न करता म्हणालो, "वर लिहिले आहे की." तो दोन बाटल्या घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने गोळ्या बंद केल्या.

पुढे लूमखाली पायाला खिळा लागला. जखम भरेना. इस्पितळात नेले तेव्हा साखर भलतीच वाढलेली होती. पायाची दोन बोटे काढावी लागली. आम्ही भेटीस गेलो तर तोच आमची समजूत घालू लागला. म्हणाला, "सेठ, तेल तर चांगलेच होते, माझ्याच नियतीत काही कसर राहिली असेल." त्याच्या घरातील मंडळी चहा घेऊन आली. तो चहा आमच्या घशाखाली उतरला नाही.

त्यानंतर आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचले. उर्दूत शिकल्यामुळे तिब्बची जुनी पुस्तके वाचता येतात. नवे इंग्रजी निबंध फार्मसी शिकलेल्या भाच्याकडून समजून घेतले. त्यातून जे हाती आले ते व्यापाऱ्यांपुढे ठेवतो. हकीम-डॉक्टरांना ते नवे नाही.

हदीस आणि तिचा अर्थ

आधी हदीसबद्दल बोलू, कारण तेल तिच्याच नावावर विकले जाते. काळ्या दाण्यात मृत्यूखेरीज प्रत्येक रोगावर शिफा आहे, या आशयाचे कथन सहीह बुखारीच्या किताबुत्-तिब्बमध्ये हजरत आयेशा (रजि.) आणि हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या हवाल्याने आले आहे. त्यावर आमचा ईमान आहे आणि या लेखात त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो हे कथन बाटलीवर डकवून खाली कॅन्सर लिहिणाऱ्यांशी.

आपल्या आलिमांनी या हदीसची चर्चा शेकडो वर्षांपूर्वी केलेली आहे. इमाम खत्ताबी यांचे मत असे की येथे शब्द सर्वसाधारण असला तरी अर्थ विशिष्ट आहे. सर्व रोगांच्या परस्परविरुद्ध प्रकृतींना पुरून उरणारे गुण कोणत्याही एका वनस्पतीत एकत्र नसतात, म्हणून येथे थंड आणि ओलसर प्रकृतीचे आजार अभिप्रेत आहेत. हाफिज इब्न हजर यांनी 'फत्हुल बारी'त ही चर्चा नोंदवली आहे. इब्न कय्यिम यांचे 'तिब्बे नबवी' आपल्या पुष्कळ घरांत असते. त्यात त्यांनी शोनीजची, म्हणजे कलौंजीची, मात्रा दोन दिरहम सांगितली आहे आणि अति सेवन प्राणघातक आहे असे काही लोक म्हणतात, हेही लिहून ठेवले आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात मात्रा आहे आणि इशाराही आहे. आजच्या बाटलीवर मात्र दोन्ही नाहीत!

बुखारीतील त्याच प्रसंगात आजारी सोबत्यासाठी पाच किंवा सात दाणे वाटून, तेलात मिसळून, त्याचे थेंब नाकात सोडण्यास सांगितल्याचा उल्लेख आहे. म्हणजे दाण्यांची संख्याही आहे आणि वापराची रीतही आहे. अबू दाऊदमध्ये असे येते की हजरत सअद (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले. आणि त्याच ग्रंथात, वैद्यकाचे ज्ञान नसताना जो इलाज करतो तो नुकसानीचा जामीन ठरतो, या अर्थाचाही आदेश आहे. व्यापाऱ्याला जामीन शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. "वर लिहिले आहे की" असे म्हणणारे आम्ही इलाजच करीत होतो.

एक गोष्ट जाता जाता. हदीस छापलेली बाटली रिकामी झाली की कोठे जाते? आमच्या गल्लीतल्या नाल्यात आम्ही ती दोनदा पाहिली आहे. अदब म्हणून छापलेल्या मजकुराची ही बेअदबी कोणालाच दिसत नाही काय?

माल कोणता, दम कशात

आता मालाकडे वळू. कलौंजी म्हणजे नायजेला सटायव्हा या रोपाचे बी. हे रोप बचनागाच्या कुळातील आहे. अरबीत हब्बतुस्सौदा, फारसीत शोनीज, बंगालीत कालोजिरा. आपल्याकडे मध्य प्रदेशातील नीमचच्या मंडीत याचा मोठा व्यवहार होतो. लोणच्याच्या मसाल्यात, नानवर आणि बंगाल्यांच्या पंचफोडणात हा दाणा असतो, त्यामुळे तो आपल्या स्वयंपाकघराला परका नाही. पण महाराष्ट्रात काळ्या बियांचा गोंधळ फार आहे. कोणी कलौंजीला कांद्याचे बी म्हणते. कोणी काळे जिरे मागितले की कलौंजी देते, कोणी शहाजिरे देते, तर कोणी कडू जिरे पुड्यात बांधते. कारळे, ज्याची आपण चटणी खातो, ते आणखी वेगळे. ही सर्व झाडे निरनिराळी असून त्यांचे गुण एकमेकांशी जुळत नाहीत. कलौंजीचा दाणा तीनधारी, खरबरीत, मिट्ट काळा आणि आतून पांढरट असतो. चोळला की ओवा आणि मिरीच्या मधला वास येतो. कांद्याचे बी चावले की कांद्याची चव लागते. कारळे लांबट आणि तुळतुळीत असते. हा दाणा चोळून पाहण्याची तसदी न घेता जो पोते उचलतो, त्याला सूत न तपासता बीम भरणारा म्हणावे लागेल.

दाण्यात शेकडा तीस ते चाळीस भाग स्थिर तेल असते. हे तेल करडई-सूर्यफुलाच्या बिरादरीतले आहे. त्यात निम्म्याच्या आसपास किंवा अधिक लिनोलेइक आम्ल असते. खाण्यास चांगले, पण अद्भुत असे काही नाही. ज्याच्यावर जगभर संशोधन चालू आहे तो पदार्थ वेगळा. दाण्यात थोडेसे उडून जाणारे सुगंधी तेलही असते, साधारणतः शेकडा अर्धा ते दीड भाग. त्यातील मुख्य द्रव्य थायमोक्विनोन. मिसरमधील महफूज आणि अल-दखाखनी यांनी १९६० साली दम्यावर उपयोगी ठरणाऱ्या 'नायजेलोन'विषयी निबंध लिहिला आणि १९६३ साली अल-दखाखनी यांनी मिसरी कलौंजीच्या रसायनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून थायमोक्विनोनची चर्चा सुरू झाली. सुगंधी तेलात त्याचे प्रमाण शेकडा तीस ते अठ्ठेचाळीस असल्याचे निबंधांत सांगितले जाते.

क्विनोन हा शब्द आमच्या धंद्याला नवा नाही. मंजिष्ठेचा लाल रंग, म्हणजे अ‍ॅलिझरीन, हा क्विनोनच. मेंदीचा रंग देणारे लॉसोन हेही क्विनोनच. थायमोक्विनोनचे स्फटिकही पिवळे असतात. पण कच्चा रंग उन्हात उडतो तसे हे द्रव्य उजेडात टिकत नाही, लवकर बिघडते. पारदर्शक बाटली शोकेसमध्ये, तीही भर उन्हाच्या बाजूला मांडणे म्हणजे बाटलीतील औषध रोज थोडे थोडे मारणे होय. बाजारातील तेले प्रयोगशाळेत तपासली गेली तेव्हा एका तेलातील आणि दुसऱ्या तेलातील थायमोक्विनोनच्या प्रमाणात कित्येक पटींचा फरक आढळला आहे. नाव एकच, रंग जवळपास तोच, पण आत काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. दोन ग्रॅम दाणे घेतले, सुगंधी तेल शेकडा एक धरले, त्यात थायमोक्विनोन शेकडा चाळीस धरले, तर पोटात आठ मिलिग्रॅम जाते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

संशोधन काय म्हणते

शुगरविषयी सर्वात जास्त दाखला दिला जातो तो सौदी अरबस्तानातील बामोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा. हा निबंध २०१० साली भारतातीलच एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९४ मधुमेही रुग्णांना तीन गटांत रोज एक, दोन किंवा तीन ग्रॅम कलौंजी तीन महिने देण्यात आली. दोन ग्रॅमच्या गटात उपाशीपोटीची साखर चार आठवड्यांनी सरासरी ४५, आठ आठवड्यांनी ६२ आणि बारा आठवड्यांनी ५६ मिलिग्रॅमने उतरली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीएवनसी दीड टक्क्याने कमी झाले. एक ग्रॅमने कमी फायदा झाला आणि तीन ग्रॅमने दोन ग्रॅमपेक्षा जास्त फायदा झाला नाही. आकडे चांगले आहेत, आम्हास ते वाचून आनंदच झाला. पण या निबंधातील जी गोष्ट बाटलीवाले गिळून टाकतात ती अशी: या सर्व रुग्णांच्या शुगरच्या गोळ्या चालूच होत्या. कलौंजी त्या गोळ्यांच्या जोडीला दिली होती, त्यांच्या जागी नव्हे. आमच्या बुनकराला एवढे एक वाक्य कोणी सांगितले असते, तर त्याची बोटे वाचण्याची शक्यता होती.

रक्तदाबाबाबत २०१६ साली ११ चाचण्यांचा, मिळून ८६० लोकांचा, एकत्र हिशेब मांडला गेला. वरचा आकडा सरासरी सव्वातीनने आणि खालचा पावणेतीनच्या आसपास उतरलेला दिसला. म्हणजे १६० असलेल्याचे १५७ झाले. हा फायदा खरा असला तरी त्याच्या भरवशावर गोळी बंद करणे म्हणजे फाटलेल्या तंबूला एक टाका घालून पावसात झोपणे होय. त्याच वर्षी चरबीविषयीच्या १७ चाचण्यांचाही हिशेब झाला, त्यात एकूण कोलेस्टेरॉल सरासरी पंधरा मिलिग्रॅमने कमी झाले.

कोविडच्या काळात सौदीत १७३ सौम्य रुग्णांवर अभ्यास झाला. अर्ध्यांना कलौंजी तेलाची कॅप्सूल दहा दिवस दिली. चौदा दिवसांत त्यातले शेकडा ६२ बरे झाले, तर तेल न घेतलेल्यांत शेकडा ३६. हा निबंध २०२१ सालचा. पण कोणाला तेल मिळाले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते, आणि लक्षणे रुग्णांनीच सांगायची होती. यावरून आणखी अभ्यास करावा असे म्हणता येते, बाटलीवर कोरोना लिहिता येत नाही.

राहिला कॅन्सर. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी थायमोक्विनोनने मरतात, असे निबंध पुष्कळ आहेत. बशीत पुष्कळ गोष्टींनी पेशी मरतात. माणसांवरही हे करून पाहिले गेले. इतर उपायांनी न हटणारा कॅन्सर झालेल्या २१ रुग्णांना अल-अम्री आणि वर सांगितलेले बामोसा यांनी थायमोक्विनोन दिले, मात्रा वाढवत रोज २६०० मिलिग्रॅमपर्यंत नेली. २००९ साली निष्कर्ष छापला: मोठा अपाय झाला नाही, पण कॅन्सरवर परिणामही दिसला नाही. आता मघाचा आठ मिलिग्रॅमचा आकडा आठवावा आणि मग ठरवावे की चमचाभर तेलाच्या बाटलीवर कॅन्सर हा शब्द लिहिणे याला काय म्हणावे. आमच्याकडे त्याला शब्द आहे, पण तो छापण्याजोगा नाही.

अपायाचेही ऐकावे. मसाल्याइतकी कलौंजी खाणाऱ्याने घाबरण्याचे काही कारण नाही, पिढ्यान्‌पिढ्या ती खाल्ली जात आहे. मोरोक्कोत २००२ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात या तेलाची मारक मात्रा फारच मोठी निघाली. परंतु औषध म्हणून रोज तेल पिणे ही वेगळी बाब आहे. साखर आणि रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतल्यास दोन्ही मिळून प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोका राहतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि ज्यांचे ऑपरेशन ठरले आहे त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. यकृतातील जे घटक औषधांचा निचरा करतात, त्यांतील दोन कलौंजीने मंदावतात, असे २०१० साली सौदीतील थोड्या निरोगी लोकांवर दिसून आले. म्हणजे दुसऱ्याच एखाद्या गोळीचे प्रमाण अंगात वाढू शकते. तुर्कस्तानात २०१३ साली एका मधुमेही स्त्रीचे मूत्रपिंड कलौंजीच्या गोळ्या घेतल्यानंतर निकामी झाल्याची नोंद आहे. एका नोंदीने गुन्हा सिद्ध होत नाही, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने तिकडे काणाडोळाही करू नये. निव्वळ तेल त्वचेवर चोळल्याने पुरळ आणि फोड आल्याच्या नोंदी तर बऱ्याच आहेत. गर्भवती स्त्रीने स्वयंपाकातील दाण्यांपलीकडे जाऊ नये. आमच्याकडे सांधेदुखीला आणि बाळंतिणीला सर्रास हेच तेल दिले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

व्यापाऱ्याने करायचे काय

आमचे काही मित्र म्हणतील की हा दीनवर चालणाऱ्या धंद्याच्या पोटावर पाय आहे. मोठमोठ्या औषध कंपन्या काय कमी खोटे बोलतात? बोलत असतील, त्यांचा हिशेब त्या देतील. तेल भरणाऱ्या लहान माणसाची अडचण आम्हास ठाऊक आहे. त्याच्या घरातल्या बायका बाटल्या भरतात, लेबले चिकटवतात, चार पैसे घरात येतात. हे काम बंद पडावे असे आम्ही म्हणत नाही. उलट ते टिकावे म्हणूनच लिहितो. कारण एखाद्या बुनकराच्या जागी उद्या वकिलाचा बाप असेल, मग बाटली भरणाऱ्या बायकांच्या दारात कोण येईल?

कायदा स्पष्ट आहे. १९५४ सालच्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या यादीत मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब आणि लकवा आहेत. या रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करण्यास त्याने मनाई आहे, आणि लेबल हीसुद्धा जाहिरातच धरली जाते. तेल खाद्य म्हणून विकायचे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील चौदा आकडी क्रमांक बाटलीवर हवा. युनानी औषध म्हणून करायचे तर औषध कायद्याखाली परवाना हवा. बाटल्यांवर बहुधा दोन्हीपैकी एकही नसते. म्हणजे मुद्देमाल आपण स्वतःच छापून दुकानात मांडून ठेवला आहे.

आपल्या धंद्यात गठाण सोडण्याआधी नमुना पाहतो. सुताचा नंबर, पन्ना, वजन, रंगाची पकड. एका धुण्यात रंग गेला तर पुढच्या वर्षी पार्टी फिरकत नाही. तोच कस येथे लावावा. तेल केव्हा काढले ती तारीख, दाणा कोठला, घाणी थंड की गरम, बाटली गडद काचेची. आणि प्रत्येक घाणीच्या मालाचा एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊन थायमोक्विनोनचा आकडा यावा. एकट्याला खर्च जड जाईल हे खरे. पण नीमचहून दाण्याचा ट्रक मागवायचा तर पाच दुकानदार पैसे एकत्र करतातच, मग नमुन्याच्या तपासणीसाठी का करू नयेत? आणि गल्ल्यावर बसलेल्याने गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारावेत: कोणती गोळी चालू आहे? घरात कोणी गरोदर आहे का? उत्तर होय आले तर बाटली परत ठेवून त्याला हकीम-डॉक्टरांकडे पाठवावे. आमच्या गावात मन्सुरा येथे तिब्बिया कॉलेज आहे, शिकलेले हकीम आहेत. आपण त्यांना विचारत नाही, बाटलीला विचारतो.

ज्यांना वाटते की रसायनशास्त्र ही परक्यांची विद्या आहे, त्यांनी हकीम अजमल खान यांचे उदाहरण पाहावे. त्यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांना देशी औषधींच्या संशोधनाला लावले. हकीमसाहेब १९२७ साली वारले. १९३१ साली सिद्दीकी यांनी असरोल, म्हणजे सर्पगंधेच्या मुळातून एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला नाव दिले अजमलीन. हेच सिद्दीकी पुढे कराचीत गेले आणि तेथील विद्यापीठात त्यांनी रसायनाची संस्था उभी केली. ती संस्था आज हुसेन इब्राहिम जमाल यांच्या नावाने ओळखली जाते, कारण एका व्यापारी-उद्योजक घराण्याने तिला मोठी देणगी दिली. आणि त्याच संस्थेत अता-उर-रहमान यांनी कलौंजीच्या दाण्यातून १९८५ साली नायजेलिसीन आणि १९९५ साली नायजेलिडीन ही द्रव्ये वेगळी केली. हकीमाची दूरदृष्टी, रसायनाचा अभ्यास आणि व्यापाऱ्याचा पैसा एकत्र आला तर काळ्या दाण्यातून काय निघते ते यावरून दिसते. आमच्या बाजारात तोच पैसा हिरव्या शाईच्या लेबलात जातो.

आम्ही त्या ओळखीच्या गृहस्थांना पत्र लिहिले. लेबलावरून हदीस आणि आजारांची यादी काढा, तारीख घाला, गडद बाटली घ्या, आणि 'चालू असलेले औषध बंद करू नका' ही ओळ मराठी आणि उर्दूत मोठ्या अक्षरांत छापा. एवढे केल्यास पुढच्या रमजानात शंभर बाटल्या आम्ही रोखीने घेऊ, असे कळवले. ते स्वतः गादीवर आले. पत्र घडी करून परत ठेवले आणि म्हणाले, "सेठ, यादी काढून विकायचे म्हणजे मग विकायचे तरी काय?" आम्ही म्हणालो, तेल. ते हसले आणि चहा न घेता गेले.

गादीखाली अजून अकरा बाटल्या पडून आहेत. त्यातली एक आम्ही आमच्या खर्चाने तपासणीला पाठवली आहे. अहवाल आला की आकडा याच पानावर छापून देऊ. बुनकर आता दिवसपाळी करतो. त्याच्या गोळ्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला आमच्या खात्यात लिहिले जातात. त्याला ते ठाऊक नाही आणि हा लेख त्याला कोणी वाचून दाखवू नये, अशी विनंती आहे.